भुऱ्याजवळून उठताना

भागिरथाबाईला कुत्री आवडत नाहीत, हे तिनं स्वतःच इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं होतं, की किन्हीराजाच्या शिवारात ते खरं की खोटं हे तपासायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. बारा वर्षं तिच्या मळ्यात एक कुत्रा राहिला. तिच्या हातची भाकर खाल्ली, थंडीत तिच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर झोपला, तिच्या शिव्या ऐकत म्हातारा झाला. तरी बाईचं म्हणणं एकच, "तो माहा नाही. त्यायचा हाये." त्यायचा म्हणजे नवऱ्याचा, माणिकरावांचा. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नव्हती, पण कुत्र्याचं घ्यायची ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं. भुऱ्या.

बाई शिरपूरची लेक. सतराव्या वर्षी माळ्याच्या या घरात सून म्हणून आली, दुसऱ्याच आठवड्यात वांग्याच्या वाफ्यात उतरली, आणि पंचेचाळीस वर्षं झाली तरी त्यातून वर काही आली नाही. नाल्याकाठची दोन एकर जमीन, एक विहीर, विहिरीजवळ टिनाचं घर. वांगी, टमाटे, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी मालेगावला पोतं अंथरून बसायची. मेथी घेतल्यावर चार काड्या सांबार वरून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायची, "सांबार काय माह्या डोक्यात उगवते काय?" गिऱ्हाईक रागावून जायचं आणि पुढच्या बाजाराला परत तिच्याकडंच यायचं, कारण तिच्या जुडीच्या पोटात पिवळं पान कधी निघालं नाही. अशी ती होती. तोंडानं तिखट, हातानं खरी. गोड बोलणं तिला येतच नव्हतं, आणि न येण्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

भुऱ्या आला तो माणिकरावांच्या पिशवीतून. जऊळक्याच्या स्टेशनवर एका पाहुण्याला गाडीत बसवून द्यायला गेले होते. परत आले तर खांद्याच्या पिशवीतून दोन कान बाहेर. बाईनं एकदा पिशवीकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि म्हणाली, "पाव्हना देऊन कुत्रं आनलं काय?" माणिकराव हसले. हसण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बोलायचं सगळं काम बायकोकडं होतं.

पिल्लू मातीच्या रंगाचं होतं म्हणून भुऱ्या. मोठा झाल्यावर त्यानं रानडुकरं हाकलली, रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, कळपामागं भुंकत नाल्यापर्यंत धावला, ते सगळं केलं. पण त्याची एक खोड जन्मभर गेली नाही. मेथीला पाणी दिलं की ओल्या वाफ्यात जाऊन पसरायचा. वर आलेले नाजूक कोंब पोटाखाली चेंदून टाकायचा. भागिरथा बांधावरून ढेकूळ उचलायची आणि फेकायची. बारा वर्षांत शेकडो ढेकळं फेकली असतील. त्यातलं एकही त्याला लागलं नाही, आणि बाईचा नेम तर असा होता की बोरीवर बसलेला पोपट एका खड्यात उडवायची. हे माणिकरावांनी एकदा बोलून दाखवलं, तेव्हा दोन दिवस त्यांना भाजीत मीठ कमी मिळालं.

मग कोरोनाची ती दुसरी लाट आली. माणिकरावांना ताप आला, दम लागायला लागला. रस्त्यावर दवाखान्याची गाडी आली, तोंड बांधलेली दोन माणसं उतरली. भागिरथेनं धोतर-टॉवेलाची पिशवी माणिकरावांच्या हातात दिली. ते म्हणाले, "येतो चार दिवसात. मेथीले पानी देजो." वाशीमच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. आत कोणाला सोडत नव्हते. तो काळच तसा होता. नवव्या दिवशी दुपारी मुलाचा, नरेंद्रचा, फोन आला. ती तेव्हा पालक खुडत होती. प्रेतही घरी आलं नाही. नरेंद्रनं लांबून पाहिलं, तेवढंच.

तो घरी आल्यावर तिनं एकच विचारलं होतं, "पानी कोनं पाजलं त्यायले?" मरणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसानं पाणी घालायचं असतं. घोटभर नाही तर चमचाभर, चमचाभर नाही तर चार थेंब. नरेंद्र खाली मान घालून उभा राहिला. खोटं सांगायचं त्याला सुचलं नाही. तेव्हापासून ते न मिळालेलं उत्तर बाईच्या छातीत बसून होतं. ती कामं करी, बाजार करी, गिऱ्हाइकांशी भांडे. पण आपला माणूस एकटा गेला आणि आपण पालक खुडत होतो, ही गोष्ट तिनं स्वतःला कधी माफ केली नाही.

यंदाच्या हिवाळ्यात भुऱ्या पाणी फार प्यायला लागला. हौदावर जाऊन उभा राही, लपलप करून पीतच राही, आणि वळून दोन पावलं गेला की ओकून टाकी. भाकरीला तोंड लावीना. भाकर दुधात कुस्करून दिली, ती हुंगली आणि बाईकडं पाहिलं. पाठीचा कणा वर आला. तोंडाला वास यायला लागला. सून रूपा म्हणाली, "आई, हे काही साधं दुखनं नाही." रूपा नरेंद्रची बायको, बोलायची कमी, पण तिचं लक्ष सगळीकडं असायचं. भागिरथा म्हणाली, "म्हातारा झाला. म्हाताऱ्याले भूक नसते." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नरेंद्रला गुरांच्या डॉक्टरांना बोलवायला पाठवलं.

डॉक्टर हरीओम तरणा माणूस. दिवसभर गाई-म्हशींत हात घालणारा. कुत्र्यासाठी मळ्यात बोलावणं येण्याची त्याला सवय नव्हती. तरी आला. पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, रक्त तपासायला वाशीमला पाठवलं. तीन दिवसांनी परत आला तो थेट ओसरीवर बसला आणि चहा घ्यायच्या आधीच बोलला.

"काकू, दोन्ही किडन्या गेल्या त्याच्या. सलाईन लावतो, उलशीक बरं वाटन. पन आता तो बरा होनार नाही."

"किती दिवस?"

"आठ. लय झाले तर पंधरा." मग म्हणाला, "एक इंजेक्शन असते. त्रास होत नाही. झोपीतच जाते तो. तुमी जवय बसा त्याच्या, म्या देतो."

भागिरथेनं खाली पाहिलं. भुऱ्या तिच्या पावलाशी पडला होता. ती म्हणाली, "म्या त्याची मान धरली का त्याले वाटते, काही खायले देऊन राह्यली. तशी मान धरू अन् तुमी टोचा? नाही होनार माह्याच्यानं." डॉक्टरनं पुन्हा आग्रह केला नाही. चामडीखाली सलाईन कशी सोडायची ते नरेंद्रला दाखवलं आणि चहा घेऊन गेला.

त्या दुपारी बाईनं रूपाला सांगितलं, "बाजाराले नरेंद्रले धाड. म्या आता अथून हालत नाही. ह्याले म्या एकटं मरू देनार नाही." कोणासारखं एकटं, हे ती बोलली नाही. रूपाला ते कळलं, आणि तिनं मान हलवली.

असे दिवस सुरू झाले. ओसरीच्या उन्हाच्या बाजूला पोतं, पोत्यावर लुगड्याची घडी, घडीवर भुऱ्या, आणि शेजारी भिंतीला पाठ लावून भागिरथा. भाजी निवडायची ती तिथंच, जेवायची तिथंच. कुत्रा घाण करी, ती पुसून काढी. त्याच्या अंगाखालची घडी बदली, धुऊन वाळत घाली. चमच्यानं ताकाचं पाणी पाजी. गाल आत गेलेले, डोळ्यांत चिपडं, ती ओल्या फडक्यानं डोळे पुसायची आणि म्हणायची, "कसं ध्यान झालं पाह्य." शिव्या त्याच होत्या, पण आवाज खाली आला होता. ज्या बाईनं बारा वर्षं "माहा नाही, माहा नाही" केलं, तिला पोरासारखं त्याचं सगळं करताना पाहून शेजारच्या वावरातले लोक मनात हसलेही असतील. हसोत.

आठ दिवस गेले, नऊ गेले. खाणं पूर्ण बंद, अंगात हाडं आणि कातडं. मधूनच अंग ताठ व्हायचं, पाय झाडायचा, तोंडातून बारीक आवाज काढायचा. तो आवाज ऐकला की भागिरथेला वाटायचं, कान बंद करावेत. पण जीव काही जाईना. अकराव्या दिवशी तिनंच नरेंद्रला म्हटलं, "त्या डॉक्टरले फोन लाव. म्हना, ते इंजेक्शन घेऊन या." हे म्हणायला तिला किती जड गेलं ते तिचं तिला ठाऊक. फोन लागला, डॉक्टर पोहरादेवीकडं जनावरांच्या लसीकरणाला गेला होता. परवा येतो म्हणाला.

परवापर्यंत काय करायचं? तेव्हा बाईनं सुंदरबाईला निरोप धाडला.

सुंदरबाई गावातली सगळ्यांत जुनी बाई. कोणाच्या घरी म्हातारं माणूस अडकून पडलं, की तिला बोलावणं जायचं. माणसाला खाटेवरून खाली कधी घ्यायचं, तुळशीचं पाणी कधी द्यायचं, आणि मुख्य म्हणजे जाणाऱ्याचा जीव कोणात अडकलाय, हे तिला कळतं अशी गावाची खात्री. कोणाचा जीव मुंबईच्या लेकीत अडकलेला असायचा, कोणाचा भांडलेल्या भावात. ते माणूस बोलवायचं, त्याच्या हातचं पाणी द्यायचं, की सुटका. अर्धं गाव तिनं असं मार्गी लावलं होतं. ती रस्त्यानं दिसली की म्हातारे लोक आडवाटेनं जायचे, ते उगीच नाही.

"कुत्र्यासाठी बलावलं मले?" काठी टेकत आली तीच हे म्हणत. "मानसं संपली काय गावातली?"

"पाह्य ना व माय. लय हाल होऊन राह्यले त्याचे."

सुंदरबाई उकिडवी बसली. भुऱ्याच्या नाकाशी तळहात धरला, पोटाकडं पाहिलं. मग तिची थट्टा थांबली. माणसाच्या उशाशी विचारते तसंच तिनं विचारलं, "कोनात जीव हाये त्याचा?"

भागिरथेनं क्षणभरही विचार केला नाही. "त्यायच्यात. दुसरं कोन हाये?"

गेलेल्या माणसाला बोलवणार कसं? त्याचीही सुंदरबाईकडं तोड होती. माणूस नसला तर त्याचं अंगावरचं कापड चालतं. भागिरथेनं पेटी उघडली. गाडीत बसायच्या आदल्या दिवशी माणिकरावांनी अंगातून काढलेला सदरा तिनं धुतला नव्हता. तसाच घडी करून ठेवला होता. पावणेचार वर्षांत तिनं तो दोनदाच बाहेर काढला होता, तेही घरात कोणी नसताना. तो तिनं भुऱ्याच्या नाकापाशी ठेवला. सदऱ्याच्या बाहीनं पाण्याचे चार थेंब त्याच्या ओठावर सोडले. "जाय आता," ती म्हणाली. "त्यायच्याकडं जाय बाबू."

भुऱ्यानं सदरा हुंगला आणि शिंकला. मग मान मोठ्या कष्टानं उचलली, सदऱ्यावरून पुढं सरकवली आणि भागिरथेच्या पावलावर हनुवटी ठेवून डोळे मिटले.

रूपासकट तिघी बायकांनी ते पाहिलं. भागिरथेनं सदऱ्याची घडी घालायला घेतली. घडी नीट बसेना, तीनदा घातली. सुंदरबाई हळू आवाजात म्हणाली, "भागिरथे, तुह्यं चुकलं. त्याचा जीव तुह्यात हाये. तू उठत नाहीस, अन् तो जात नाही."

"मंग मी काय करू?"

"उठ. बाजूले हो. तुह्या वासात हाये तवपर्यंत तो नाही जायचा."

"नाही उठनार." बाईचा आवाज जुन्यासारखा चढला. "त्यायच्या वक्ती मी नव्हती. कोनं पानी पाजलं, कोनाचं नाव घेतलं, मले कायबी मालूम नाही. आता हा बी तसाच जाऊ देऊ? मी अथीच बसनार. तो मेला तर माह्या हातात मरन."

सुंदरबाईनं वाद घातला नाही. इतक्या मरणांत बसलेली बाई. कोणाचं ऐकून कोणी उठत नाही हे तिला ठाऊक असावं. काठी घेऊन ती उठली, आणि जाताना एवढंच म्हणाली, "हात तुह्यासाठी पायजे का त्याच्यासाठी, ते पाह्य." भागिरथेला तिचा मनस्वी राग आला. मेली, माणसं मारता मारता म्हातारी झाली, असं काहीतरी ती पुटपुटली. रूपानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाच बोलली. चुलीपुढं बसून, सासूकडं न पाहता.

"आई, एक सांगू? रागवान तर नाही?"

"सांग."

"तुमी आंघोयीले गेल्या ना, तवा तो शांत पडते. श्वास असा सावकाश होते. मी चार दिवसांपासून पाहून राह्यली. तुमी आल्या का पुन्हा धडपड करते."

"काहीबी," भागिरथा म्हणाली. पण उठली, भांडं घेतलं, पाण्याला गेल्यासारखी विहिरीकडं गेली, आणि घराला वळसा घालून मागच्या भिंतीच्या कोपऱ्याशी उभी राहिली. तिथून ओसरी दिसत होती.

भुऱ्या पडला होता. छातीचा भाता जोरात हलत होता तो हळूहळू मंदावला. पाय सैल पडले. एक श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा श्वास. तेवढ्यात वारा फिरला. तिच्या पाठीकडून ओसरीकडं गेला. भुऱ्याचं नाक हललं. त्यानं डोळे उघडले, पुढचे दोन पाय जमिनीला लावले आणि उठायला लागला. उठता येत नव्हतं. कोपरं घसरत होती, मान लटपटत होती. तरी तो उठत होता, कारण मालकीण आली होती आणि मालकीण आली की उठायचं असतं. शेपटी एकदा पोत्यावर आपटली. मग तो कोसळला आणि तो बारीक आवाज काढू लागला.

भागिरथा भिंतीला धरून उभी राहिली. अकरा दिवस ती समजत होती की तो त्रासात आहे म्हणून आपण जवळ बसलोय. जवळ बसून आपण त्याला दिवसातून पन्नास वेळा उठवत होतो. त्याला जाऊच देत नव्हतो. हे कळलं तेव्हा तिला रडू आलं नाही. स्वतःची शिसारी आली. आणि तरीही तिच्या मनातलं कोणीतरी हट्टानं म्हणतच होतं, मला नाही उठायचं.

ऊन चांगलं वर आल्यावर ती ओसरीवर आली. हात धुतले. वाटीत पाणी घेतलं, त्यात तुळशीचं पान टाकलं. चमच्यानं एक-एक थेंब त्याच्या ओठाच्या फटीत सोडला. थोडं आत गेलं, थोडं गळ्यावरून ओघळलं. कुत्र्याला कोणी तुळशीचं पाणी देत नाही, हे तिला माहीत होतं. नसेल देत. मग तिनं त्याला दोन्ही हातांनी हळूच वळवलं, तोंड भिंतीकडं केलं, म्हणजे तिची पाठ त्याला दिसायला नको. रूपाला बोलावलं.

"तू बस अथी. हात नोको लावू, बोलू नोको. नुसती बस. एकटा नोको राह्यला पायजे."

"अन् तुमी?"

"दक्षिनच्या वाफ्यात जातो. वारा तिकडं जाऊन राह्यला. माहा वास नाही येनार त्याले."

ती उठली. भुऱ्याला कळलंच. त्याची कोपरं पुन्हा जमिनीवर खरखरली. आता थोपटावं तर तो आणखी उठणार, आणि गोड बोलावं तर ते तिला कधी आलंच नव्हतं. तिनं बारा वर्षं वापरलेला तोच आवाज काढला, वाफ्यातून हुसकायचा.

"भुऱ्या! बस तथी. गुमान पडून राह्य."

तो पडून राहिला. बाईचं ऐकणारा तो शिवारातला एकटाच. भागिरथा ओसरी उतरली आणि विहिरीच्या पलीकडं चालत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती परत आली असती.

दक्षिणेच्या वाफ्यात मेथी काढणीला आली होती. ती घराकडं पाठ करून बसली आणि मेथी उपटायला लागली. मुळ्यांची माती झटकायची, मूठभर झाली की केळीच्या सोपटानं जुडी बांधायची. पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं हात चालत होते. वारा तिच्या पाठीवर येत होता आणि पुढं तुरीच्या वावराकडं जात होता. घराकडून काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येऊ नये म्हणूनच इथं आलो, असं ती स्वतःला सांगत होती आणि कान मात्र मागं लावून बसली होती.

तिच्या मनात माणिकराव आले. नऊ दिवस ते कशासाठी थांबले असतील? ती दारात दिसेल म्हणून? की ती नव्हती म्हणून सुखानं गेले? सुंदरबाई असती तर तिनं काहीतरी ठामपणे सांगितलं असतं. पण भागिरथेला आज सुंदरबाईचंही पटत नव्हतं आणि स्वतःचंही. मरणाऱ्याच्या मनातलं जिवंत माणसाला काय कळतंय! आपल्याला बरं वाटावं म्हणून लोक काहीतरी रचतात. एवढं मात्र खरं, की तिचा माणूस गेला तेव्हा तिला लांब ठेवलं होतं, आणि आज ती आपल्या पायानं लांब आली होती. यातलं कोणतं जास्त जड, हे तिला ठरवता येईना. डोळ्यांतलं पाणी मेथीवर पडत होतं आणि ती पुसत नव्हती.

ऊन डोक्यावर आलं. वाफा निम्मा रिकामा झाला. बांधावर रूपा येऊन उभी राहिली. हाक मारली नाही. पदर तोंडाला लावून नुसती उभी. भागिरथेनं हातातली जुडी पुरी बांधली, ढिगावर ठेवली, आणि मगच विचारलं, "कवा?"

"आत्ताच. शांत गेला आई. झोपीत गेल्यासारखा."

दोघी चालत आल्या. ओसरीच्या पायरीशी भागिरथा थांबली. पुढं व्हायच्या आधी तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायची तिला भीती वाटत होती.

"त्यानं मले पाह्यलं का गं? शोधलं का?"

रूपानं तोंडावरचा पदर काढला. 

"नाही आई. डोये बी उघडले नाही त्यानं."

भागिरथा ओसरीवर चढली. भुऱ्या लुगड्याच्या घडीवर नव्हता. घडी भिंतीशी तशीच होती. तो पोत्याच्या काठापर्यंत, दीड हात सरकून आला होता. पुढचे पाय ताणलेले होते, नखांखाली ओसरीचं सारवण खरवडलेलं होतं, आणि भिंतीकडं करून ठेवलेलं तोंड पार फिरून विहिरीच्या वाटेकडं झालं होतं. डोळे उघडे होते.

तिनं रूपाकडं पाहिलं. रूपा खाली पाहत होती. सकाळपासून पोरीनं हात लावला नव्हता, एक शब्द बोलली नव्हती, आणि हे सगळं एकटीनं पाहिलं होतं.

"बरं झालं," भागिरथा म्हणाली. "झोपीत गेला, बरं झालं."

मग ती त्याच्याजवळ खाली बसली आणि त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. ते अजून कोमट होतं. ती बसून राहिली. आता तिला ऊठ म्हणणारं कोणी नव्हतं.